पंख्याचा सूर: टर्बोप्रॉप विमाने कानाने ओळखण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, तामगाव (कोल्हापूर विमानतळाजवळ)

आजपासून या वहीत रीतसर नोंदी ठेवायच्या, असे ठरवले आहे. लहान विमानतळांवर येणारी दोन टर्बोप्रॉप इंजिनांची, म्हणजे टर्बाइनने पंखा फिरवणारी विमाने डोळ्यांनी न पाहता, केवळ आवाजावरून आणि थोड्या गणितावरून ओळखता येतात का, हे पाहणे हा प्रकल्पाचा हेतू आहे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आवाजाचा धडा दरवर्षी शिकवताना रुग्णवाहिकेचा भोंगा आणि रेल्वेची शिट्टी ही ठरलेली उदाहरणे देत आलो. पण आमच्या गावावरून रोज जाणाऱ्या विमानाचे उदाहरण आजवर कधी दिले नाही, याची खंत वाटते. उजळाईवाडीचा हा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झाला. इथल्या लोकांच्या कानाला विमान नवे नाही.

सकाळी तामगावच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर बसलो. कुंपणापासून लांब बसायचे, शेतमालकाची परवानगी घ्यायची आणि छायाचित्र काढायचे नाही, हे तीन नियम स्वतःला घालून घेतले आहेत. हैदराबादकडे जाणारे एटीआर ७२ हे प्रवासी टर्बोप्रॉप विमान समोरून उडाले. मोबाइलवर आवाज भरून घेतला आणि घरी येऊन ऐकला, तर विमान जवळजवळ ऐकूच आले नाही. पाचटाची सळसळ मात्र स्वच्छ आली होती. कारण समजायला संध्याकाळ झाली. मोबाइलमधील ध्वनिमुद्रणाची सोय माणसाच्या बोलण्यासाठी केलेली असते, त्यामुळे एकसारखी चालणारी घरघर तिला गोंगाट वाटते आणि ती घरघर पुसून टाकली जाते. मला नेमकी तीच घरघर हवी आहे.

१६ फेब्रुवारी

भाच्याकडून साधा डिजिटल रेकॉर्डर आणला आणि त्यातील सर्व आपोआप होणाऱ्या सुधारणा बंद केल्या. मायक्रोफोनला वाऱ्यासाठी लोकरीच्या जुन्या मोज्याचे आवरण घातले. ऊसतोड जोरात असल्यामुळे ट्रॅक्टर-ट्रॉलीचा आवाज मधे येतो, तरीही आजची फीत वापरण्याजोगी आहे.

ऑडासिटी या संगणकावरील प्रोग्रॅममध्ये आवाजाचा वर्णपट, म्हणजे त्यात कोणत्या वारंवारता किती जोरात आहेत याचा आलेख, काढला. सर्वांत ठळक रेषा २४० हर्ट्झच्या आसपास दिसली. प्रोपेलरच्या विमानाचा मूळ सूर एका साध्या हिशेबातून येतो. एका सेकंदात होणारे फेरे गुणिले पात्यांची संख्या, म्हणजे एका सेकंदात किती पाती एका जागेवरून जातात तो आकडा. एटीआर ७२-६०० च्या प्रत्येक प्रोपेलरला सहा पाती आहेत. २४० ला सहाने भागले तर सेकंदाला ४० फेरे, म्हणजे मिनिटाला २,४०० फेरे येतात.

हे शक्य नाही, आणि ते का शक्य नाही हे लिहून ठेवावेसे वाटते. या प्रोपेलरचा व्यास ३.९३ मीटर आहे. सेकंदाला ४० फेरे धरले, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ४९४ मीटर होतो, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या बराच वर. कोणताही अभियंता प्रवासी विमानाचा पंखा असा फिरवणार नाही. त्यात शक्ती वाया जाईल आणि आवाज असह्य होईल. २० फेरे धरले, तर टोकाचा वेग सुमारे २४७ मीटर येतो आणि तो पटण्याजोगा आहे. म्हणजे मी दुप्पट वारंवारतेची रेषा मूळ सूर समजून बसलो होतो. नीट शोधल्यावर १२० च्या आसपासची फिकट रेषाही सापडली.

२ मार्च

आता खरी अडचण पुढे आली. १२० ची रेषा सरळ नाही. विमान जवळ येत असताना ती वर असते, डोक्यावरून जाताना झपाट्याने खाली येते आणि दूर जाताना खालीच राहते. हा डॉपलर परिणाम. मग मूळ सूर कोणता मानायचा? वरचा आणि खालचा यांची साधी सरासरी काढली तर उत्तर चुकते, कारण डॉपलर परिणामात वेग भागाकाराच्या खालच्या अंकात येतो.

कागदावर मांडल्यावर फार सुंदर गोष्ट हाती लागली. वरच्या आणि खालच्या वारंवारतेच्या गुणाकाराच्या दुपटीला त्या दोन्हींच्या बेरजेने भागले, की मूळ वारंवारता मिळते. विमानाचा वेग किंवा हवेचे तापमान यांपैकी काहीही माहीत असण्याची गरज नाही. आणि त्या दोन वारंवारतांमधील फरकाला त्यांच्या बेरजेने भागून ध्वनीच्या वेगाने गुणले, की विमानाचा वेग मिळतो. ही दोन्ही सूत्रे दहावीच्या मुलांना फळ्यावर मांडता येतील.

आजची सकाळची फीत: जवळ येताना १४६ हर्ट्झ, दूर जाताना १०२ हर्ट्झ. मूळ सूर १२०.१ आला, म्हणजे मिनिटाला १,२०१ फेरे. उड्डाणाच्या वेळी या विमानाचा पंखा शंभर टक्क्यांवर, म्हणजे मिनिटाला १,२०० फेऱ्यांवर चालतो. हवा २२ अंश होती, म्हणून ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला. त्यावरून विमानाचा वेग सेकंदाला ६१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २२० किलोमीटर आला. नुकत्याच उडालेल्या एटीआरला हा वेग शोभतो. विमान या वेळी वेग वाढवत असते आणि वरही चढत असते, त्यामुळे उत्तर इतके जवळ येण्यात योगायोगाचा भाग किती, हे अनेक फिती घेतल्याखेरीज म्हणता येणार नाही.

बांधाचे मालक आबा शेजारी येऊन बसले होते. त्यांनी विचारले, “मास्तर, आवाज भरून कुठं नेतायसा?” मी म्हणालो, “आबा, पंखा मिनिटाला किती फिरतो ते आवाजावरून काढतोय.” ते थोडा वेळ थांबून म्हणाले, “पंख्याचं इमान आलं तर आमची म्हस मान बी वर करत न्हाई. दुसरं आलं की दावं ताणती.” दुसरे म्हणजे जेट. म्हशीला हा फरक कळतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

१६ मार्च

आणखी तीन उड्डाणे झाली: ११९, १२१ आणि १२०. एटीआरच्या उड्डाणाचा सूर आता पक्का मानतो. उतरतानाच्या फिती मोजायच्या नाहीत असे ठरवले, कारण त्या वेळी वैमानिक शक्ती सतत कमी-जास्त करतो आणि रेषा हलत राहते.

१३ एप्रिल, भोगवे (सिंधुदुर्ग)

सुट्टीत कोकणात आलो आहे. चिपीचा विमानतळ परुळ्याजवळ जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तो सुरू झाला, तेव्हा मुंबईहून आलेले पहिले विमानही एटीआरच होते. सड्यावर झाड नाही, वाहन नाही, त्यामुळे ध्वनिमुद्रणाला याहून चांगली जागा मिळणे कठीण. पण आजची मोलाची फीत विमानतळाची नाही.

सकाळी वाळूत बसलो असताना किनाऱ्याला समांतर एक विमान कमी उंचीवरून गेले. पंख अंगाच्या वर बसवलेला, नाक लांब आणि टोकदार, अंग चौकोनी डब्यासारखे. हे डॉर्नियर २२८. कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये ही विमाने जर्मन परवान्याखाली बनू लागली. नौदल आणि तटरक्षक दल दोघेही ती किनाऱ्याच्या गस्तीसाठी वापरतात, आणि गोव्याच्या आयएनएस हंसा या तळावर नौदलाचे डॉर्नियर पथक आहे. विमान कोणाचे, ते किती वाजता आणि कोणत्या दिशेने गेले, हे या वहीत लिहिणार नाही. तशा नोंदी ठेवणे योग्य नव्हे. आवाज मात्र लिहितो.

जवळ येताना १३५ आणि दूर जाताना ८५ हर्ट्झ. मूळ सूर १०४. हवा ३२ अंश होती, त्यामुळे वेग ताशी सुमारे २८७ किलोमीटर निघाला. पाती चार धरली तर मिनिटाला साधारण १,५६५ फेरे येतात. या इंजिनाचा पंखा पूर्ण गतीला १,५९१ फेरे करतो, म्हणजे हे ९८ टक्के झाले. सुधारित डॉर्नियरला पाच पाती असतात. पाच धरली तर १,२५२ फेरे, म्हणजे ७९ टक्केच येतात, आणि हे इंजिन हवेत इतक्या मंद गतीला चालत नाही. म्हणून पाती चारच होती. विमान डोळ्यांपुढून गेले तेव्हा पाती मोजणे कोणालाही शक्य नव्हते. पण आवाजाने ती मोजून दिली. याचा मला मनापासून आनंद झाला.

हे इंजिन हवेत मंद का चालत नाही, हे इथेच लिहून ठेवतो, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. डॉर्नियरचे टीपीई ३३१ हे इंजिन एकाच दांड्याचे आहे. हवा दाबणारा भाग, टर्बाइन आणि दातेरी चाकांमधून पंखा, हे सगळे एकमेकांना कायम जोडलेले असते. पंखा मंदावला तर इंजिनाचा श्वासच मंदावतो. म्हणून वैमानिक फेरे जवळजवळ तेच ठेवतो आणि पात्यांचा कोन बदलून ओढ कमी-जास्त करतो. त्यामुळे त्याचा सूर उड्डाणापासून उतरेपर्यंत फारसा हलत नाही, फक्त आवाज लहान-मोठा होतो. एटीआरची आणि किंग एअर या लहान टर्बोप्रॉप विमानाची इंजिने निराळ्या घडणीची आहेत. त्यांच्यात पंख्याला फिरवणारे टर्बाइन स्वतंत्र असते. इंजिनाच्या मुख्य भागाशी त्याचा संबंध फक्त गरम वायूच्या झोतापुरता. त्यामुळे पंख्याची गती निराळी निवडता येते. दोन्ही घडणींना आपण टर्बोप्रॉप हे एकच नाव देतो, पण कानाला त्या दोन जाती आहेत.

१५ जून

पावसामुळे काम बंद आहे. पत्र्यावरच्या पावसात आवाज भरता येत नाही.

आज एका नातेवाइकाला सोडायला विमानतळावर गेलो होतो. काचेतून उभे असलेले एक किंग एअर दिसले: पंख खाली, शेपटीवर आडवा पंख टी अक्षरासारखा अगदी वर, म्हणजे २०० किंवा ३०० मालिकेतील. इंजिनाच्या पुढच्या भागातून दोन्ही बाजूंना धुराड्याच्या वाकड्या नळ्या बाहेर आल्या होत्या. किंग एअरच्या पीटी६ इंजिनात हवा मागून आत येते आणि पुढे सरकते, म्हणून धूर पुढून बाहेर पडतो. सर्वांत लक्षात राहिली ती पात्यांची ठेवण. प्रत्येक पाते कडेवर वळलेले होते, समोरून पाहिले तर सुरीच्या धारेइतके बारीक दिसत होते. तेलाचा दाब गेला की या पंख्यातील स्प्रिंग आणि वजने पात्यांना आपोआप अशी फिरवतात. वैमानिकांच्या भाषेत पाती फेदर झाली. डॉर्नियर बंद करताना मात्र पाती मुद्दाम सपाट ठेवून अडकवतात, नाहीतर पुढच्या वेळी सुरू करताना इंजिनाला पंख्याचा सगळा भार ओढावा लागेल. म्हणजे बंद विमानसुद्धा आपली जात सांगते. किंग एअरला तीन पाती होती की चार, हे पाहायचे राहिले, कारण ते तिरके उभे होते.

रात्री हिशेब केला आणि काळजी वाटली. तीन पात्यांचे २०० मालिकेतील किंग एअर उड्डाणाला मिनिटाला २,००० फेरे करते, म्हणजे सूर १००. एटीआर चढणीला लागल्यावर ८२ टक्क्यांवर येते, म्हणजे सूर ९८. दोन हर्ट्झच्या फरकावर विमान ओळखणे धोक्याचे आहे. लहान पंखा जलद आणि मोठा पंखा संथ फिरतो, कारण टोकाचा वेग दोघांनाही ध्वनीच्या वेगाखाली ठेवायचा असतो. आणि त्यातच मोठ्याला पाती जास्त असल्यामुळे सूर जवळ जवळ येतात. सूर एकटा पुरणार नाही. तो उड्डाणात कुठून कुठे जातो, हेही पाहावे लागेल.

१४ नोव्हेंबर, मोपा ते सोलापूर

प्रकल्पासाठी म्हणून आज पहिल्यांदा विमानात बसलो. फ्लाय ९१ या विमान कंपनीची गोवा (मोपा) ते सोलापूर ही सेवा याच वर्षी जूनमध्ये सुरू झाली आणि ती एटीआर ७२-६०० विमानांनी चालते. मागच्या दाराने चढायचे असते, पुढे सामानाची जागा असते.

चढताना एक गोष्ट जवळून पाहिली. उजव्या इंजिनाचा आवाज आणि गरम हवेची थरथर स्पष्ट होती, पण त्याचा पंखा पूर्ण थांबलेला होता. या विमानाला जमिनीवर वीज आणि गार हवा पुरवणारे वेगळे छोटे इंजिन नाही. म्हणून उजव्या पंख्याला ब्रेक लावून इंजिनाचा मुख्य भाग तेवढा चालू ठेवतात. याला हॉटेल मोड म्हणतात. एप्रिलच्या नोंदीत लिहिलेल्या स्वतंत्र टर्बाइनमुळेच हे जमते. डॉर्नियरला हे कधीच करता येणार नाही. पुस्तकात वाचलेली रचना अशी पंधरा पावलांवर उभी पाहणे हा माझ्यासाठी मोठा क्षण होता.

आसन मुद्दाम पात्यांच्या रेषेजवळचे घेतले, जिथे आवाज सर्वांत जास्त असतो. मोबाइल विमान मोडवर ठेवून वर्णपट दाखवणारे अ‍ॅप उघडले आणि शेजारी रेकॉर्डर चालू केला. आवाजाचा उगम आणि ऐकणारा दोघेही बरोबरच जात असल्यामुळे इथे डॉपलरचा प्रश्न येत नाही. जो आकडा दिसतो तोच खरा. धावपट्टीवर पूर्ण शक्ती लावताच आकडा १२० वर आला आणि तिथेच थांबला. चाके पोटात गेली, थोडा वेळ गेला, आणि डोळे मिटून बसलो असतानाच सूर उतरला. एकदम नव्हे, साधारण दोन श्वासांत, मींड घ्यावी तसा. आकडा ९८ वर स्थिर झाला. १,२०० चे ८२ टक्के म्हणजे ९८४ फेरे, त्याचा सूर ९८.४. जून महिन्यातील काळजीचे उत्तर या उतरण्यात आहे: अठ्ठ्याण्णवचा सूर एकशेवीसवरून खाली आला असेल, तर ते एटीआर.

घाटमाथा ओलांडल्यावर कृष्णेच्या काठची उसाची पट्टी दिसू लागली आणि त्याच सुमारास आवाजात एक संथ लाट येऊ लागली, दोन सेकंदांना एकदा उसळून शांत होणारी. हे विस्पंद. दोन पंख्यांच्या गतीत अगदी थोडा फरक पडला की दोन सूर एकमेकांत मिसळून अशी लाट उठते. दोन सेकंदांना एक लाट म्हणजे सुरांत अर्ध्या हर्ट्झचा फरक. सहा पात्यांच्या हिशेबाने मिनिटाला फक्त पाच फेऱ्यांचा. नऊशे चौऱ्याऐंशी फेऱ्यांतला पाच फेऱ्यांचा फरक माणसाचा कान ओळखतो. थोड्या वेळाने दोन्ही पंखे पुन्हा जुळले आणि लाट विरली.

सोलापूरला उतरताना शेजारच्या आजोबांनी खिडकीबाहेर बोट दाखवले आणि साखर कारखान्याची चिमणी कुठे होती ते सांगितले. विमानांच्या वाटेत येणारी ती चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली. तिच्याबद्दल शहरात दोन्ही बाजूंनी किती तीव्र भावना होत्या, हे त्यांच्या आवाजातून अजूनही जाणवत होते.

२३ नोव्हेंबर, मिरज

विमानातील फीत घेऊन सतारमेकर गल्लीत गेलो. ज्यांच्याकडे आमच्या घरचा तंबोरा दुरुस्तीला जातो, त्या चाचांना काही न सांगता चढणीनंतरचा भाग ऐकवला. त्यांनी कान पुढे केला आणि म्हणाले, “पांढरी पाच आहे, गुरुजी. किंचित चढी.” पांढरी पाच म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, आणि खालच्या सप्तकात ती ९८.० हर्ट्झ; माझा आकडा ९८.४ होता. धावपट्टीवरचा भाग ऐकवल्यावर ते जरा थांबले. “हा कुठल्याच पट्टीत बसत नाही. काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे लटकतोय.” तेही बरोबर आहे. मग मी आवाज कशाचा आहे ते सांगितले. लाटेचा भाग ते तीनदा ऐकत राहिले. जोडीच्या तारा जुळवताना ते दिवसभर हीच लाट ऐकतात आणि ती विरेपर्यंत मणी सरकवत राहतात. “विमानात हे कोण जुळवतं?” त्यांनी विचारले. दोन्ही पंख्यांचे फेरे मोजून ते जुळवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, असे सांगितले. “चाचा, तिचंही काम तुमच्यासारखंच,” असे म्हटल्यावर त्यांनी फीत पुन्हा लावायला सांगितली.

७ डिसेंबर, तामगाव

ऊस पुन्हा तोडणीला आला आहे. सकाळी धुके निवळल्यावर एक लहान विमान उडाले. सूर्य समोर असल्यामुळे आकार नीट दिसला नाही आणि मी तो पाहण्याचा प्रयत्नही केला नाही. जवळ येताना १६४, दूर जाताना ११२. मूळ सूर १३३. वेग ताशी सुमारे २३४ किलोमीटर.

सहा पात्यांनी भागले तर १,३३० फेरे येतात. एटीआर इतके फिरत नाही. तीन पात्यांनी २,६६० येतात. अडीच मीटरच्या पंख्याच्या टोकाचा वेग ध्वनीच्या वेगापलीकडे जाईल. चार पात्यांनी १,९९५ येतात. पाच पात्यांच्या सुधारित डॉर्नियरचा सूरही १३३ च्या अगदी जवळ पडतो, म्हणून फीत पुढे ऐकली. चढणीत शिरताना रेषा एक पायरी खाली आली; एका दांड्याच्या इंजिनाने तशी उतरली नसती. वहीत लिहिले: किंग एअर, २०० मालिका, चार पात्यांचे.

दुपारी ते विमान परत आल्याचे आबांनी फोनवर कळवले. विमानतळावर जाऊन काचेजवळ उभा राहिलो. शेपटी टी अक्षरासारखी होती, पाती फेदर झालेली होती आणि या वेळी विमान समोर तोंड करून उभे होते. डाव्या पंख्याची पाती मोजली, मग उजव्याची. चार, चार.